फ्लोटवरची फेअरचाइल्ड: कॅमेऱ्यासाठी बांधलेलं विमान जंगलात कसं रुळलं

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९२०-३० च्या दशकांत कॅनडाच्या हवाई दलाने नकाशांसाठी फोटो काढायला फ्लोट (पाण्यावर उतरण्यासाठी चाकांच्या जागी लावायचे पोकळ तरंगते भाग) लावलेली छोटी विमानं का वापरली, चाकांची का नाही? तीच विमानं जंगलात माल-माणसं पोचवणाऱ्या बुश पायलटांकडे कशी गेली? आणि त्यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?

मी उत्तर ओंटारिओत फ्लोट विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचं काम करतो आणि जुन्या एरियल फोटोंचा अभ्यास हा माझा कित्येक वर्षांचा ध्यास आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या भागाचं उत्तर नकाशा उघडला की मिळतं. हडसन उपसागराला वेढणारा कॅनडाचा प्रचंड भाग म्हणजे हिमनद्यांनी खरवडून काढलेला खडक. त्यावर ठेंगणं जंगल, दलदल आणि न मोजता येणारी तळी. त्या काळात तिथे रस्ता नव्हता, सपाट माळ नव्हता, मग धावपट्टी कुठली? चाकांचं विमान तिथे उडवायचं म्हणजे इंजिन बंद पडल्यावर झाडांच्या शेंड्यांवर उतरायची तयारी ठेवायची. फ्लोट असले की दर दोन-चार मैलांवर एक तयार विमानतळ. पेट्रोलचे डबे आधी होडीने किंवा विमानानेच एखाद्या तळ्याकाठी नेऊन ठेवायचे, तंबू ठोकायचा आणि तिथूनच काम चालू. हिवाळ्यात तळी गोठली की फ्लोट काढून स्की लावायच्या. मधला काळ, म्हणजे शरदात बर्फ धरताना आणि वसंतात फुटताना, विमान जमिनीला खिळलेलं. वर्षातून दोनदा येणारी ही सक्तीची सुट्टी आजही आमच्या धंद्यात आहे.

सुरुवात झाली ती लाकडाच्या धंद्यातून. क्युबेकमध्ये ग्रॉन-मेर इथल्या लॉरेंटाइड या कागद कंपनीचे वनाधिकारी एलवुड विल्सन यांना जंगलातले वणवे वरून शोधायचे होते आणि लाकडाचा अंदाज बांधायला फोटो हवे होते. युद्ध संपल्यावर अमेरिकी नौदलाची काही कर्टिस एचएस-२एल विमानं नोव्हा स्कोशियात पडून होती. १९१९ च्या जूनमध्ये स्टुअर्ट ग्रॅहम यांनी त्यातलं एक डार्टमथहून उडवत लाक-आ-ला-तोर्त्यू या तळ्यावर आणलं. दिशादर्शनाला त्यांची पत्नी मॅज आणि इंजिनाला मेकॅनिक वॉल्टर कार. कॅनडातलं बुश फ्लाइंग तिथून सुरू झालं असं मानतात. पण एचएस-२एल ही फ्लाइंग बोट होती, फ्लोटप्लेन नव्हे. फरक असा की फ्लाइंग बोटीचं पोटच पाण्यात बसतं, आणि फ्लोटप्लेनमध्ये नेहमीच्या विमानाला चाकांच्या जागी दोन पोकळ फ्लोट लावलेले असतात. एचएस-२एलच्या पंखांचा पसारा ७४ फूट, सांगाडा लाकडी. लाकूड पाणी पीत जायचं आणि मोसम सरेपर्यंत विमानाचं वजन चांगलंच वाढलेलं असायचं. उघड्या कॉकपिटमध्ये बसून उत्तरेच्या वाऱ्यात काम करणाऱ्या त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण त्या विमानांत फोटोचं काम फार पुढे जाणं शक्य नव्हतं.

आता हवाई दल. १ एप्रिल १९२४ ला रॉयल कॅनेडियन एअर फोर्सची रीतसर स्थापना झाली. शांततेच्या त्या काळात या दलाचं मुख्य काम लढाईचं नव्हतंच. वणव्यांची टेहळणी, तस्करीवर नजर, दुर्गम वस्त्यांना भेटी, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे नकाशांसाठी फोटो. गणवेश लष्करी, काम सरकारच्या नागरी खात्यांचं. ‘लष्करी छायाचित्रण’ म्हटलं, तर ते कॅनडाच्या बाबतीत या अर्थाने घ्यावं. त्याच उन्हाळ्यात स्क्वॉड्रन लीडर बेसिल हॉब्स व्हिकर्स वायकिंग फ्लाइंग बोट घेऊन सस्कॅचेवान-मॅनिटोबाच्या उत्तरेला रेनडिअर सरोवरापर्यंत गेले आणि नकाशावर जिथे कोरी जागा होती तिथले फोटो घेऊन आले. पुढच्या वर्षी, १९२५ मध्ये, असे सगळे फोटो एका जागी ठेवण्यासाठी ओटावात राष्ट्रीय हवाई छायाचित्र संग्रह सुरू झाला. आज त्यात साठ लाखांहून अधिक फोटो आहेत.

सुरुवातीचे बरेचसे फोटो तिरके असत. ही पद्धत कॅनडाच्या सर्व्हे खात्याने फार हुशारीने घडवली, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो. विमान साधारण पाच हजार फुटांवर सरळ रेषेत चालायचं. ठरावीक अंतरावर तीन फोटो: एक समोर, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येक फोटोत क्षितिजाची रेघ आली पाहिजे, ही अट. क्षितिज फोटोत कुठे आहे यावरून कॅमेरा किती कलला होता ते कळतं, उंची अल्टिमीटरवरून कळते. एवढ्यावरून जमिनीवरचे समान चौकोन त्या फोटोत कसे दिसतील ते गणिताने काढता येतं. जवळचे मोठे, लांबचे चिंचोळे. ती जाळी पारदर्शक पट्टीवर आखायची, फोटोवर ठेवायची आणि तळ्याचा काठ एकेका चौकोनातून नकाशाच्या चौकोनात उतरवत जायचा. या पद्धतीला जमीन जवळजवळ सपाट लागते, आणि त्या खडकाळ मुलखाइतका सपाट, पाण्याच्या रेषांनी भरलेला प्रदेश दुसरा कुठला मिळणार? तळ्याचा काठ म्हणजे निसर्गाने आखलेली समपातळीची रेघच. दूरवर पसरलेल्या त्या तीन फोटोंमुळे विमानाच्या फेऱ्या फार कमी लागत. सर्व्हेवाले छोट्या होड्यांतून जाऊन मोजके बिंदू जमिनीवर पक्के मोजून ठेवत आणि फोटोंची जाळी त्या बिंदूंना बांधली जाई. डोंगराळ ब्रिटिश कोलंबियात मात्र ही युक्ती चालत नसे.

तिरक्या फोटोंसाठी फ्लाइंग बोट उत्तम होती. इंजिन मागच्या बाजूला वर, त्यामुळे नाकात बसलेल्या फोटोग्राफरला समोर काहीच आडवं येत नसे. माँट्रियलच्या कॅनेडियन व्हिकर्सने बांधलेलं व्हेडेट हे विमान, पहिलं उड्डाण ४ नोव्हेंबर १९२४, हवाई दलाने याच कामी वर्षानुवर्षं राबवलं. पण खाण कंपन्यांना, वनखात्याला आणि बारकाईच्या नकाशांना हवे होते थेट खाली बघून काढलेले, उभे फोटो. त्याला उंची लागते, स्थिरता लागते, आणि दहा हजार फुटांवर तासभर बसून बोटं न गोठता कॅमेरा चालवणारा माणूस लागतो. व्हेडेटच्या उघड्या नाकात हे तिन्ही एकत्र मिळणं अवघड. इथे फेअरचाइल्ड येतं.

शर्मन फेअरचाइल्ड हा न्यूयॉर्ककडचा माणूस मुळात कॅमेरेवाला. विमानाच्या कॅमेऱ्यात तेव्हा पडदा-शटर असायचं. फिल्मपुढून एक फट सरकत जाते आणि फिल्मचा एकेक पट्टा वेगवेगळ्या क्षणी उजळतो. जमिनीवर त्याने बिघडत नाही, पण विमान तेवढ्या वेळात पुढे सरकलेलं असतं, त्यामुळे फोटोतलं माप वाकडं होतं. फेअरचाइल्डने भिंगांच्या मधोमध बसणारं शटर तयार केलं, ज्यात अख्खी चौकट एकाच क्षणी उजळते. १९२० मध्ये त्याने कॅमेऱ्याची कंपनी काढली, १९२१ मध्ये मॅनहॅटन बेटाचा शंभर फोटो जोडून केलेला हवाई नकाशा करून दाखवला. कॅमेरा सुधारला, विमानं मात्र युद्धातली उरलेली: उघडी, थंडगार, चढायला मंद, आणि खालचा पंख नेमका फोटोच्या आड येणारा. मनासारखं विमान कुणी वाजवी किमतीत बांधून देईना, तेव्हा त्याने स्वतःच कारखाना घातला. १९२६ च्या उन्हाळ्यात एफसी-१ उडालं. त्यातून १९२७ मध्ये राइट व्हर्लविंड इंजिनाचं, सुमारे २०० अश्वशक्तीचं एफसी-२ आलं.

एफसी-२ बघताना प्रत्येक गोष्टीमागे कॅमेरा दिसतो. पंख एकच आणि तो डोक्यावर, म्हणजे खालचं सगळं मोकळं. केबिन बंद आणि इंजिनाच्या उष्णतेवर गरम होणारी. खिडक्या भरपूर, तळाला कॅमेऱ्यासाठी झरोका करता येतो. पंख मागे दुमडून ठेवता येतात, म्हणजे छोट्या छपरातही विमान मावतं. सांगाडा वेल्ड केलेल्या पोलादी नळ्यांचा, त्यावर कापड. आता यातला फोटो हा शब्द काढून टाका आणि बुश पायलटला विचारा तुला काय हवं. तो हीच यादी देईल. वरचा पंख धक्क्याच्या खांबांना लागत नाही, दार थेट धक्क्याला येतं. गरम केबिनमध्ये आजारी माणूस नेता येतो, पायलटची बोटं शाबूत राहतात. खाली सरळ दिसत असल्यामुळे नकाशा नसलेल्या मुलखात तळ्यांचे आकार ओळखत जाता येतं. नळ्यांचा सांगाडा मोडला तर जंगलातही वेल्डिंग करून उभा करता येतो. कॅमेऱ्याच्या अडचणीतून जन्मलेलं विमान म्हणूनच जंगलात इतकं चपखल बसलं. माझ्या मते कॅनडाच्या बुश फ्लाइंगला केबिनचं विमान मिळवून देण्यात फोटोच्या कामाचा वाटा नेहमी कमी लेखला जातो. त्याच सुमाराचं फोकर युनिव्हर्सल बघा. १९२७ मध्ये चर्चिल बंदराच्या पाहणीसाठी माणसं आणि सामान बर्फावरून वाहून नेणारं, १९२७-२८ ची हडसन सामुद्रधुनीची बर्फ-पाहणी पार पाडणारं कणखर विमान. पण प्रवासी केबिनमध्ये आणि पायलट पंखापुढे उघड्यावर.

फोटोचं प्रत्यक्ष काम किती काटेकोर होतं ते आकड्यांत सांगतो. १२ इंच फोकल लांबीचं भिंग आणि दहा हजार फूट उंची धरली तर फोटोचं प्रमाण १:१०,००० येतं. १८ बाय २४ सेंटिमीटरच्या चौकटीत जमीन येते १.८ बाय २.४ किलोमीटर. एका फोटोतली साठ टक्के जमीन पुढच्या फोटोतही यायला हवी, नाहीतर दोन फोटो एकत्र बघून उंचसखल जाणवणार नाही. म्हणजे पुढे सरकायला उरले जेमतेम सातशे मीटर. ताशी १६० किलोमीटर वेगाने दर सोळा सेकंदांना एक फोटो. शंभरेक फोटोंचा रोल अर्ध्या तासात संपला! तेवढा वेळ पायलटने उंची, वेग आणि दिशा हलू द्यायची नाही. आडवा वारा असेल तर विमानाचं तोंड एकीकडे आणि जाण्याची वाट दुसरीकडे, म्हणून फोटोग्राफरने कॅमेरा तितक्याच अंशांनी फिरवून धरायचा. शटर एक शतांश सेकंद उघडलं तरी विमान ४५ सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. या प्रमाणात ते फिल्मवर मिलिमीटरच्या वीसाव्या भागापेक्षाही कमी, म्हणून चालून जातं. उंची थोडी कमी केली, भिंग लांब घेतलं की लगेच धूसरपणा दिसू लागतो.

हवामानाचा जाच वेगळाच. सूर्य खाली असला की झाडांच्या सावल्या तळ्याचा काठ झाकतात, अगदी डोक्यावर आला की पाण्यावरून चकाकी सरळ भिंगात. विखुरलेले ढग असतील तर त्यांच्या सावल्या फोटोत तळ्यासारख्या दिसतात. आणि जंगलात वणवा पेटला की शेकडो मैल धुराचा पडदा. सबंध पथक तळ्याकाठी तंबूत बसून आकाश निवळायची वाट बघत असे. ओटावाला फिल्म धुतली जाऊन निकाल कळायला आणखी वेळ.

एक बारीक गोष्ट, जी पुस्तकांत क्वचित येते: तेल. गोल बसवलेल्या सिलिंडरांची ही इंजिनं थोडं थोडं तेल बाहेर टाकतातच. ते पोटावरून मागे वाहतं आणि झरोक्याच्या काठाशी जमून भिंगावर उडतं. आजही मी जुन्या रेडियल इंजिनाच्या विमानाचं पोट पुसतो तेव्हा तेलाचा पट्टा नेमका मधोमध, कॅमेरा असायचा त्याच ओळीत सापडतो. जुन्या फोटोंच्या रांगेत एका कोपऱ्यात हळूहळू वाढत जाणारा मऊ डाग दिसला तर त्याचं कारण बहुतेक हेच.

फ्लोटचं शास्त्र चाकांपेक्षा अवघड. फ्लोट लावले की काहीशे पौंड वजन वाढतं, वारा जास्त अडतो, वेग आणि चढाई दोन्ही घटतात. प्रत्येक फ्लोटच्या तळाला मध्यभागी एक पायरी असते. वेग घेतल्यावर फ्लोट तेवढ्या पायरीवर घसरू लागला की पाण्याची पकड सुटते. पाणी आरशासारखं शांत असेल तर ही पकड सुटता सुटत नाही. मग पायलट आधी गोल फेरी मारून स्वतःच्याच लाटा तयार करतो, किंवा एक फ्लोट आधी उचलून दुसरा मागून सोडवतो. उतरतानाही आरशाचं पाणी सगळ्यात धोक्याचं, कारण पाणी किती खाली आहे ते डोळ्याला कळतच नाही. काठाजवळ, झाडांकडे नजर ठेवून, थोडं इंजिन चालू ठेवून हळूहळू खाली यायचं. आणि रोज सकाळी पहिलं काम फ्लोटमधलं पाणी उपसण्याचं. फ्लोटच्या आत वेगवेगळे बंद कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याच्या तोंडाला रबरी चेंडूसारखं बूच. ते काढून हातपंप लावायचा आणि किती हात मारल्यावर कोरडं होतं ते लक्षात ठेवायचं. एखादा कप्पा कालपेक्षा जास्त पाणी देऊ लागला की समजायचं, रिव्हेट सैल झालंय किंवा तळ खडकाला घासलाय. इतक्या वर्षांत या कामाला पर्याय आलेला नाही.

हिवाळ्यात स्कीवर उडताना रात्री इंजिन गरम असतानाच तेल डब्यात काढून घ्यायचं, तो डबा चुलीजवळ ठेवायचा. सकाळी इंजिनाला तंबूच्या कापडाची झूल घालून खाली स्टोव्ह पेटवायचा, आग लागणार नाही म्हणून एक माणूस शेजारी उभा. इंजिन तापलं की ऊन तेल ओतायचं आणि लगेच सुरू करायचं.

पुढे विमानं वाढत गेली. प्रॅट अँड व्हिटनीचं चारशेच्या वर अश्वशक्तीचं वॉस्प इंजिन आणि ५० फुटी पंख लावून एफसी-२डब्ल्यू आलं. त्यातलंच एक ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या नावाने अमेरिकी संशोधक रिचर्ड बर्डच्या १९२८-३० च्या अंटार्क्टिका मोहिमेत गेलं. त्यानंतर फेअरचाइल्ड ७१. सेंट लॉरेन्स नदीकाठी लाँगेय इथे फेअरचाइल्डचा कॅनडातला कारखाना उभा राहिला आणि हवाई दलाने ही विमानं फोटोसाठी घेतली. अमेरिकी लष्करालाही तेच पटलं. त्यांनी फेअरचाइल्ड ७१ आधी सी-८ म्हणून घेतलं आणि मग फोटोच्या विमानांसाठी नवा एफ हा वर्ग करून त्याला एफ-१ नाव दिलं. त्या यादीतलं पहिलंच विमान हे. आपल्या बाजूलाही याच सुमाराला पाण्यावरून हवाई पाहणी झाली होती. १९२४ मध्ये ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानात असताना इरावतीच्या मुखाकडल्या जंगलांचे फोटो फ्लोट लावलेल्या डीएच-९ विमानांतून घेतले गेले. दलदलीचं जंगल आणि पाण्याच्या वाटा, म्हणजे कारणही तेच.

आता, सगळ्यात चांगलं कोणतं? फोटोसाठी म्हणाल तर मी बेलांका पेसमेकरच्या बाजूने आहे. इटलीहून अमेरिकेत आलेल्या ज्युसेप्पे बेलांकाने पंखाला आधार देणाऱ्या दांड्याच छोट्या पंखांसारख्या रुंद केल्या, म्हणजे त्याही उचल देऊ लागल्या. ३०० अश्वशक्तीत हे विमान जे ओझं घेऊन जितकं चढायचं ते इतरांना जमत नसे. कॅनडाच्या हवाई दलाने १९२९ पासून अशी १३ घेतली आणि दहाएक वर्षं फोटोला वापरली. उभ्या फोटोला उंचीसारखं दुसरं काही नाही. पण धक्क्याला लावायला, पिंपं चढवायला, दाराशी होडी बांधायला, खडकावर आपटून परत उभं राहायला फेअरचाइल्ड ७१ जास्त सोशीक. जिथे एकच विमान महिनाभर फोटोही काढणार आणि स्वतःचं पेट्रोलही वाहणार, तिथे मी डोळे मिटून ७१ निवडेन.

फेअरचाइल्डचं पुढचं सुपर ७१, १९३४ सालचं, कागदावर फार देखणं. धातूचं सलग गुळगुळीत अंग, पण ओझ्याला जागा करण्यासाठी पायलटला पंखाच्या मागे बसवलेलं. पाण्यावर नाक वर करून धावताना समोरचा तरंगता ओंडका दिसला नाही तर फ्लोट फाटतो, आणि तिथून समोरचं नीट दिसत नसे. हवाई दलासाठीच्या फोटो आवृत्तीत कॉकपिट पुढे आणावं लागलं. त्याउलट विमानरचनाकार रॉबर्ट नूरडाइन यांनी पायलटांचं ऐकून, आधी फ्लोट डोळ्यांसमोर ठेवून मग स्की आणि चाकांचा विचार केला. त्यांचं नॉर्समन १४ नोव्हेंबर १९३५ ला फ्लोटवरूनच पहिल्यांदा उडालं आणि पुढे ९०४ बांधली गेली. माल वाहायला त्याच्या तोडीचं त्या काळात काही नव्हतं. फोटोचं काम मात्र तोवर मोठ्या, दोन इंजिनांच्या विमानांकडे सरकू लागलं होतं.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर ओटावाच्या रॉकक्लिफला, जिथून ही पथकं निघत त्याच जागी, विमानांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे एफसी-२डब्ल्यू-२, पेसमेकर आणि ग्रॅहम यांनी १९१९ मध्ये उडवलेल्या, फॉस लेकच्या तळातून वर काढलेल्या विमानाचे भाग वापरून पुन्हा उभारलेलं एचएस-२एल, अशी तिन्ही उभी आहेत. पेसमेकरच्या पंखाखालच्या दांड्या जवळून बघा. त्या किती रुंद आहेत हे फोटोत कळत नाही.